शाळेतल्या खेळावरचा निबंध सुधारताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशातल्या कॉलेजांच्या प्रवेशाचे अर्ज भरायचे दिवस आले की माझ्याकडे मुलांचे त्या अर्जांसोबतचे निबंध वाचायला येतात आणि त्यात खेळावरचे भरपूर असतात. मुलं मनापासून खेळलेली असतात, निबंध मात्र एकसारखे निघतात. खेळणारं मूल त्यात दिसत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. पुढचे प्रश्न मुलांनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि शिक्षकांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत.

खेळावर निबंध लिहूच नये असं सगळे सांगतात. खरं आहे का?

नाही. विषय वाईट नाही, तो फार वापरलेला आहे. निबंध वाचणाऱ्या माणसाने अंतिम सामना, शेवटचं मिनिट, हुकलेला गोल, डोळ्यांतलं पाणी आणि 'यातून मी शिकलो' हे सगळं शेकडो वेळा वाचलेलं असतं. पहिल्या दोन ओळींत त्याला शेवट कळला की तो पुढचं वरवर चाळतो. पण ज्या मुलाने सहा वर्षं रोज संध्याकाळ मैदानावर काढली, त्याला 'दुसरा विषय शोध' म्हणून सांगणं मला पटत नाही. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात खरं तेच असेल, तर त्यावरच लिहू द्यावं. फक्त कोणत्या जागेवरून लिहायचं, ते आधी ठरवायला हवं.

माझा निबंध सगळ्यांसारखाच झालाय का, हे कसं ओळखू?

निबंधातलं खेळाचं नाव खोडा आणि दुसऱ्या एखाद्या खेळाचं नाव घाला. फुटबॉलच्या जागी कबड्डी, बॅडमिंटनच्या जागी पोहणं. निबंध तरीही व्यवस्थित वाचता येत असेल तर तुम्ही खेळाबद्दल काहीच लिहिलेलं नाही. मग तुमचं नाव खोडून संघातल्या दुसऱ्या मुलाचं घाला. तरीही सगळं खरंच ठरत असेल तर तुम्ही स्वतःबद्दलही काही लिहिलेलं नाही.

आणखी एक. 'जिद्द', 'शिस्त', 'संघभावना', 'नेतृत्व', 'मेहनत' या शब्दांभोवती गोल करा. प्रत्येक गोल म्हणजे तिथे एखादा प्रसंग लिहायचा राहून गेलाय असं समजा. एका मुलीच्या दीड पानात मला असे चौदा गोल सापडले होते. खेळाडू म्हणून ती फार चांगली होती, पण तिने एकदाही आम्हाला मैदानावर नेलं नव्हतं.

मग माझं वेगळं काय? सामना तर सगळ्यांनी एकच खेळला.

सामना एकच होता, पण प्रत्येकाला तो वेगळ्या जागेवरून दिसला. माझ्या मते खेळावरच्या निबंधाचा सगळा जीव यातच आहे : तुम्ही जिथे उभे होतात तिथून काय दिसत होतं, आणि काय दिसत नव्हतं?

फुटबॉलचा गोलरक्षक घ्या. आपल्या संघातले दहाही जण त्याला बहुतेक वेळ पाठमोरे दिसतात. कोण दमलंय, हे त्याला चेहऱ्यावरून नाही, खांद्यांवरून कळतं. वल्हवण्याच्या शर्यतीत वल्हं मारणारे शेवटच्या रेषेकडे पाठ करून बसतात. आठ जण वल्हवतात त्या होडीत पुढे बघणारा एकटा कॉक्स, म्हणजे होडीला दिशा देणारा, असतो, आणि तो वल्हं मारत नाही. जिथे पोचायचंय तिकडे पाठ करून पूर्ण ताकद लावायची, हे दुसऱ्या कुठल्या खेळात आहे? चार गुणिले शंभर रिलेमध्ये बॅटन घेणारा धावपटू हात मागे करतो आणि मागे न बघता पळतो. अदलाबदल तीस मीटरच्या पट्ट्यातच व्हावी लागते, त्यामुळे मागे वळून खात्री करायला वेळच नसतो. व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस परत मिळवली की सगळे घड्याळाच्या दिशेने एक जागा सरकतात. म्हणजे नेटवर उंच उडून गुण मिळवणारी मुलगी थोड्या वेळाने मागच्या ओळीत गुडघे वाकवून उभी असते.

यातली एकही गोष्ट 'मेहनतीचं फळ मिळतं' या वाक्यात मावत नाही. तुमच्या खेळात तुमची जागा कोणती आणि तिथून जग कसं दिसतं, यावर आधी एक पान लिहा. निबंध म्हणून नाही, नुसतं आठवून.

एखादा निबंध आधी कसा होता आणि नंतर कसा झाला, ते दाखवाल का?

दाखवतो. समजण्यासाठी हा नमुना मीच रचलाय, पण असे निबंध नेहमी येतात. पहिला मसुदा असा :

"खो-खो हा माझा आवडता खेळ आहे. शाळेच्या संघात निवड झाली तेव्हा माझा आनंद गगनात मावेना. आम्ही रोज कसून सराव करायचो. अंतिम सामन्यात आम्ही अवघ्या एका गुणाने हरलो. माझे डोळे भरून आले, पण या पराभवाने मला शिकवलं की अपयश ही यशाची पहिली पायरी असते. खेळामुळे माझ्या अंगी शिस्त, जिद्द आणि संघभावना आली."

भाषेत एकही चूक नाही. पण हे लिहिणारी मुलगी कुठे आहे? अशा वेळी मी लेखणी हातात न घेता विचारायला लागतो. तू कितव्या चौकोनात बसायचीस? तोंड कुठल्या बाजूला? पाठीमागे काय चाललंय ते कसं कळायचं? त्या सामन्यातलं असं काय आहे, जे आठवलं की अजून पोटात गोळा येतो?

शेवटच्या प्रश्नाला मुलं बहुतेक वेळा आधी गप्प बसतात आणि मग निकालाशी संबंध नसलेलं काहीतरी सांगतात. तिथून हा दुसरा मसुदा होतो :

"चौथ्या चौकोनात बसलं की निम्मं मैदान पाठीमागे जातं. तिकडे काय चाललंय ते कानांनी ओळखायचं. पळणाऱ्या मुलीची पावलं हलकी, टाच न टेकणारी. आमच्या मुलीची पावलं जड, धापेसकट. दोन्ही आवाज जवळ आले की मी मागचा पाय घट्ट रोवायचे. त्या दिवशी आवाज जवळ आले, पाय रोवला आणि मी उठले. शिट्टी वाजली. मला 'खो' मिळालाच नव्हता. पळणारी मुलगी निसटून गेली. परत बसताना मैत्रिणींची तोंडं बघायची हिंमत नव्हती, पण मला खोटं बोलल्यासारखं वाटत नव्हतं. मला 'खो' ऐकू आला होता. कोणी दिला नव्हता, तरी मला स्पष्ट ऐकू आला होता."

पुढे ही मुलगी कुठे जाईल? 'मी संयम शिकले' इकडे नको. तिला खरोखर पडलेला प्रश्न असा आहे की न झालेली गोष्ट मला इतकी स्पष्ट कशी ऐकू आली? मग तिला आठवतं की धाकटा भाऊ बोलायला लागला की त्याचं वाक्य ती स्वतःच पुरं करते आणि तो चिडतो. वर्गात प्रश्न संपायच्या आत तिचा हात वर असतो. ऐकायची इच्छा जोरात असली की कान फसतात, हे तिला आता माहीत आहे. म्हणून हल्ली भाऊ बोलत असताना ती मागचा पाय रोवून, पण बसून राहते.

अंतिम सामना, एक गुण, पराभव, काहीही उरलं नाही आणि कमीही पडलं नाही. खो-खो काढून दुसरा खेळ घालून बघा, घालता येत नाही.

आम्ही हरलो हे लिहू की जिंकलो हे?

निकालाने फारसा फरक पडत नाही. निकाल एका अर्ध्या वाक्यात सांगून टाका, शक्यतो सुरुवातीलाच. 'त्या दिवशी आम्ही हरलो, पण मला लक्षात राहिलं ते वॉर्मअप' असं लिहिलंत की वाचणारा शेवटाची वाट बघणं सोडतो आणि तुमच्याकडे बघायला लागतो.

मी संघात होतो, पण वर्षभर राखीवच बसलो. मी काय लिहिणार?

तुमच्याकडे कदाचित संघातल्या सगळ्यांपेक्षा चांगला निबंध आहे, हे मी धीर द्यायला म्हणत नाही. राखीव खेळाडू पूर्ण सामना बघतो. खेळणाऱ्याला तो तसा बघायला मिळत नाही. बाकावरून तुम्हाला काय दिसायचं? प्रशिक्षक कुठल्या क्षणी उठून उभे राहायचे? वॉर्मअप करायला सांगितलं आणि मग पाठवलंच नाही, असं किती वेळा झालं? त्या वेळी ट्रॅकसूटची चेन परत वर ओढताना मनात काय आलं?

मत्सर आला असेल तर तो लिहा. आपल्याच जागेवर खेळणाऱ्या मित्राचा पाय मुरगळला आणि क्षणभर बरं वाटलं, असं एका मुलाने लिहिलं होतं. पुढच्या ओळीत तोच मित्राला खांद्याचा आधार देऊन बाहेर आणतो. मी वाचलेल्या सगळ्यात प्रामाणिक ओळींपैकी त्या आहेत. घरच्यांनी त्या काढायला सांगितल्या होत्या. मुलाने ठेवल्या, आणि मला वाटतं बरंच केलं.

दुखापतीवर लिहिलेलं चालेल का?

चालेल, पण 'दुखापत झाली, हरलो नाही, परत आलो' हा रस्ता गुळगुळीत झालाय. दुखापतीतलं न लिहिलं जाणारं अंग म्हणजे कंटाळा. टॉवेल गुंडाळून गुडघ्याखाली ठेवायचा, दाबायचा, मोजायचं, सोडायचं आणि हे आठवड्यामागून आठवडे करायचं. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे सरावाचे मेसेज वाचायचे आणि उत्तर द्यायचं नाही. खेळ नसताना 'मी कोण' या प्रश्नाशी तुम्ही त्या दिवसांत कसे वागलात, ते लिहा. परत मैदानात उतरल्याचा प्रसंग नसला तरी चालेल.

वाचणाऱ्याला माझा खेळ माहीत नसेल तर नियम समजावून सांगू का?

प्रसंग समजायला लागतो तेवढाच नियम सांगा, आणि तो कृतीत गुंफून सांगा. 'कबड्डीत प्रत्येक संघात सात खेळाडू असतात आणि चढाई तीस सेकंदांची असते' हे पाठ्यपुस्तक झालं. 'तीस सेकंदांतले वीस संपले होते, श्वास अजून पुरत होता आणि समोर सात जण हात धरून उभे होते' यात तीच माहिती आहे, शिवाय छातीतली धडधडही आहे. एका परिच्छेदात दोनाहून जास्त खास शब्द आले तर खेळ न खेळणाऱ्या कुणाला तरी वाचायला द्या आणि तो कुठे अडखळतो ते बघा.

सुरुवात सामन्याच्या मधूनच करावी असं सांगतात. करू का?

शिट्टी, घाम, प्रेक्षकांचा आरडाओरडा अशी सुरुवात आता इतकी झालीय की तीही सूचनेबरहुकूम वाटते. सुविचाराने किंवा थोर खेळाडूच्या वचनाने करू नका, हे नक्की. एवढंच बघा की पहिलं वाक्य दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं. 'चौथ्या चौकोनात बसलं की निम्मं मैदान पाठीमागे जातं' यात आरडाओरडा नाही, तरी पुढे वाचावंसं वाटतं.

शेवट कसा करू? काय शिकलो ते सांगायला नको का?

विचार सांगायलाच हवा. नुसत्या प्रसंगावर थांबलेला निबंध अर्धवट वाटतो, कारण वाचणाऱ्याला तुमचं डोकं कसं चालतं तेच तर बघायचंय. पण विचार त्या प्रसंगाएवढाच असू द्या. एका फाउलमधून 'आयुष्याचा अर्थ' निघत नाही, 'मी ऐकायला घाई करते' एवढं निघतं आणि तेवढं पुरतं.

बहुतेक मसुद्यांत शेवटचा परिच्छेद पूर्ण काढला की निबंध सुधारतो. आधी काढून बघा. काही हरवल्यासारखं वाटलं तर जे हरवलं तेवढंच एका वाक्यात परत आणा.

शब्दमर्यादा किती असते?

अर्जावर अवलंबून आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांसाठी मिळून एकच ऑनलाइन अर्ज असतो, कॉमन ॲप. त्याचा मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात आठ प्रश्नांपैकी चार निवडायचे असतात आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त ३५० शब्द. ब्रिटनच्या विद्यापीठांचे प्रवेशअर्ज यूकास या संस्थेमार्फत जातात; तिथे २०२६ च्या प्रवेशापासून एकसलग निबंध गेला आणि तीन प्रश्न आले. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं.

यूकासचं गणित वेगळं आहे, हे लक्षात घ्या. तिथे तुम्ही तो विषय का निवडताय आणि त्यासाठी काय तयारी केलीय हे विचारतात. खेळ आलाच तर तिसऱ्या प्रश्नात, शाळेबाहेर काय केलंत त्यात, आणि तोही विषयाशी जोडून. वर सांगितलेला खो-खोचा निबंध तिथे जसाच्या तसा चालणार नाही.

माझी पदकं, कर्णधारपद, जिल्हा पातळीवरची निवड कुठे सांगू?

निबंधात नको. कॉमन ॲपमध्ये उपक्रमांची वेगळी यादी असते. त्यात दहा उपक्रम मांडता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. पदकं तिथे जाऊ द्या. तीच माहिती निबंधात परत लिहिली की ६५० शब्दांतली जागा फुकट जाते.

प्रशिक्षकांबद्दल किंवा मित्राबद्दल लिहिलं तर?

लिहा, पण त्यांना देव करू नका आणि निबंध त्यांच्या हाती देऊ नका. सर काय म्हणाले याला एक ओळ, ते ऐकून तुम्ही काय केलंत याला पाच. कुणाची खाजगी गोष्ट येत असेल तर त्या माणसाला आधी विचारा. नाव बदललं तरी संघातल्या सगळ्यांना कळतंच.

घरच्यांनी, शिक्षकांनी किती दुरुस्ती करावी?

हा प्रश्न मला फार जवळचा आहे. सुरुवातीच्या काळात मी एका मुलाचा निबंध इतका 'सुधारला' की शेवटी तो वाचताना तो म्हणाला, "छान झालाय, पण हे मी नाही बोलत असं." त्याची वाक्यं आखूड होती, धापा टाकत बोलल्यासारखी. मी ती जोडून लांबलचक आणि गुळगुळीत केली होती. आम्ही त्याचा पहिला मसुदा परत काढला आणि तिथून पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून मी मुलांच्या कागदावर फक्त प्रश्न लिहितो. 'इथे काय दिसलं?' 'म्हणजे कसं?' 'हे खरंच असं वाटलं का?' वाक्य मुलानेच लिहायचं.

पालकांनो, तुमच्या मुलाने स्वतःचा कमीपणा लिहिलाय म्हणून ते वाक्य खोडायला सांगू नका. बहुतेक वेळा निबंध त्या एका वाक्यावर उभा असतो.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर?

घेऊ नका. कॉमन ॲपच्या नियमांत असा मजकूर स्वतःचा म्हणून देणं फसवणुकीत मोडतं. यूकासही असं लिहून घेणं फसवणूक मानू शकतं. नियम बाजूला ठेवले तरी, तुम्ही कितव्या चौकोनात बसला होतात आणि पाठीमागून कसला आवाज आला, हे त्या यंत्राला कुठून कळणार? ते पहिल्या मसुद्यासारखंच लिहून देईल, फक्त जास्त झुळझुळीत.

किती वेळा लिहायचं?

आकडा नाही, पण पहिला आणि दुसरा मसुदा यांत चारपाच दिवस जाऊ द्या. दुसरा लिहिताना पहिला समोर ठेवू नका, आठवून लिहा. जे परत आठवलं तेच कामाचं होतं. मग मोठ्याने वाचा. जिथे तुमचा आवाज भाषणासारखा चढतो, ती ओळ तुमची नाही.

मला नेमकं काही आठवतच नाही. सगळे सामने एकत्र झालेत.

घरी टेबलाशी बसून आठवत नाही, हे साहजिक आहे. मैदानावर जा, सराव नसताना. तुमच्या नेहमीच्या जागी उभे राहा किंवा बसा. बूट घाला, पट्टी बांधायचात तर पट्टी बांधा. शरीराला बरंच आठवतं. मग तिथेच वहीत लिहा : इथून काय दिसतं, कशाचा वास येतो, कुठला आवाज आधी येतो, मी कोणाला काय ओरडून सांगायचो. बॅडमिंटन खेळणाऱ्या एका मुलीला असं उभं राहिल्यावर आठवलं की सर्व्हिसआधी ती रॅकेटची तार बोटांनी सरळ करायची, ती सरळ असली तरी. तिचा पूर्ण निबंध त्या सवयीवर झाला.

पाठवण्याआधी शेवटचं काय तपासू?

कॉमन ॲपचा मुख्य निबंध तुम्ही निवडलेल्या सगळ्या कॉलेजांना तोच जातो, म्हणून त्यात कुठल्याही एका कॉलेजचं नाव राहिलेलं नाही ना ते बघा. अर्जाच्या चौकटीत मजकूर चिकटवल्यावर परिच्छेद एकमेकांना जोडले जातात किंवा अवतरणचिन्हं बिघडतात, म्हणून तिथेच एकदा पूर्ण वाचा. खेळातले आकडे खरे आहेत का तेही पाहा, कारण वाचणारा तो खेळ खेळलेला निघू शकतो. आणि निबंध ज्या मित्राबद्दल आहे त्याला, तो पाठवायच्या आधी, एकदा वाचून दाखवा.